थोरलीचं पाणी

"घ्या हो, पाणीच आहे, विष नाही," तोडकरअण्णांनी बाटलीचं बूच काढून ती कोंडूमामांच्या पुढे धरली.

वैशाखातलं ऊन. आम्हाला घ्यायला कोंडूमामा सकाळीच माथ्यावरून खिंडीपर्यंत उतरून आले होते आणि आता आमच्याबरोबर तोच चढ पुन्हा चढत होते. सत्तरीचा माणूस, ओठ पार सुकलेले. त्यांनी बाटलीकडे एकदा पाहिलं आणि हात जोडले.

"नगं सायेब."

"अहो, नळाचं आहे. कडेपेठेचं. म्हणजे तुमच्याच डोंगरातनं खाली आलेलं."

"म्हणूनच नगं," कोंडूमामा म्हणाले आणि पुढे चालू लागले.

अण्णांनी बूच परत लावलं. ते इतकं करकचून लावलं की नंतर मला उघडता येईना. "बघितलंत रत्नाबाई? आमचे पैसे चालतात यांना, आमचं पाणी चालत नाही."

 एक तर चढावर मला बोलता येत नाही, आणि त्या दिवशी बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतंही. माझ्या पिशवीत एक कागद होता. मीच लिहिलेला, माझ्या वळणदार अक्षरात. कडेपेठ पाणी समिती आणि उंबरमाथा वाडी यांच्यात झालेला करार आजपासून रद्द, असा मजकूर. खाली कोंडूमामांच्या अंगठ्यासाठी जागा सोडली होती. तीसुद्धा व्यवस्थित, चौकोन आखून.

याला आता एकोणीस वर्षं झाली. तो चढ आज मला कुणी चढायला सांगितला तर मी खिंडीतच बसकण मारीन.

करार मुळात माझ्याच डोक्यातून निघालेला. माझी शाळा नववीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण रद्दीच्या कागदांवर. दिराच्या किराणा दुकानात बसायची तेव्हा रद्दीत जे येई ते आधी वाचायचं आणि मग त्यात शेंगदाणे बांधायचे, असा माझा नेम. एकदा गुळाच्या पुडीच्या कागदावर वाचलं, की कुठल्याशा परदेशातल्या शहरानं आपल्या नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या लोकांना दरसाल पैसे द्यायला सुरुवात केली. कशाचे? तर रान राखायचे, पाणी घाण न करायचे. पाणी गाळायचा कारखाना बांधण्यापेक्षा तेच स्वस्त पडलं म्हणे. पैसे कसे दिले, काय बोलून दिले, ते पुढच्या रकान्यात असणार. पण पुढचा रकाना गुळाला चिकटला होता.

आमची हिरडी नदी उंबरमाथ्यावरच्या एका झऱ्यातून निघते. अकरा घरांची वाडी, म्हशी राखणारी माणसं. त्या झऱ्याला ती थोरली म्हणतात. डोंगराच्या पलीकडच्या उतरणीला एक करंगळीएवढा झरा आहे, ती धाकटी. उन्हाळ्यात कडेपेठेच्या हंड्यात जे काही पडतं ते थोरलीच्या जिवावर. मी घरोघर फिरले. पाणीपट्टीवर थोडे जास्तीचे पैसे द्यायला पेठेला राजी केलं. "माझ्या शब्दावर द्या" असं किती उंबऱ्यांवर म्हटलं असेन, त्याला गणती नाही. समिती झाली. बर्फाचा कारखाना असलेले तोडकरअण्णा अध्यक्ष झाले, कारण पाणी सगळ्यात जास्त त्यांना लागायचं. मी चिटणीस झाले, कारण अक्षर चांगलं.

पहिल्या वर्षाचे पैसे द्यायला मी एकटीच वर गेले होते. नुसतं पाकीट हातात ठेवणं मला बरं वाटेना. माणसं आहेत, विजेचं बिल नाही. म्हणून मी पदरचे पैसे घालून हिरवी साडी घेतली, हिरव्या बांगड्या घेतल्या, खण, नारळ, तांदूळ घेतले आणि थोरलीची यथासांग ओटी भरली. साडी झऱ्यावरच्या दगडाला नेसवली, बांगड्या पुढ्यात मांडल्या. पाकीट ताम्हणात ठेवलं, वर हळदकुंकू वाहिलं आणि ते कोंडूमामांच्या हातात दिलं. मग करार पक्का झाल्याची खूण म्हणून अडकित्त्यानं सुपारी फोडली. अर्धी त्यांना दिली, अर्धी अण्णांच्या नावानं पदराला बांधली.

सुपारी फुटली तशी वाडी एकदम गप्प झाली. मामांची बायको भागूमामी पदर डोळ्याला लावून हुंदके द्यायला लागली, तिचं बघून बाकीच्या बाया. मला वाटलं, आजवर यांना एवढा मान कुणी दिला नसेल. मी निघाले तेव्हा अख्खी वाडी शिवेपर्यंत पोचवायला आली, बाया रडतच होत्या. मला वाटलं, माझ्यासाठी.

गणपतीनंतर कोंडूमामा तूप विकायला पेठेत आले, तेव्हा मी हौसेनं चहा टाकला. ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत. चहा नको म्हणाले. निदान पाणी तरी घ्या म्हटलं, तर दोन्ही कानांना हात लावले. जाताना मात्र माझ्या मोरीतल्या नळाकडे बघत बराच वेळ उभे राहिले. मी नळ सोडून दाखवला, तसे हसले आणि डोळे पुसत निघून गेले. मी चारचौघींना विचारलं, माझ्या घराला वास येतो का ग?

मग होळीनंतर नदी आटत चालली. जे पाणी येई ते पिवळसर, त्याला कुजक्या पाल्याचा वास. अण्णांच्या बर्फाच्या लाद्या पिवळट निघायला लागल्या. ऐन लग्नसराई. गिऱ्हाईक म्हणे, "अण्णा, लिंबू तुम्हीच पिळून देता काय?" अण्णांची खात्रीच पटली, की वाडीनं झऱ्यावरचं रान तोडलं, म्हशी पाण्यात बसवल्या आणि पैसे दारूत घातले. "योजना बंद करू. दोन बोअर मारू आणि मोकळे होऊ." सोमवारी बैठक ठेवली. मी म्हटलं, अण्णा, आधी डोळ्यांनी बघून तरी येऊ. ते म्हणाले, "चला. पण कागद तयार करून चला."

म्हणून तो कागद. आणि ज्या ज्या दारात माझा शब्द ठेवून आले होते, त्याच दारांवरून मला उरलेलं आयुष्य बाजारात ये-जा करायची होती.

वाडीत पोचलो तर आमच्यासाठी नवं घोंगडं अंथरलेलं. भागूमामीनं अण्णांच्या पायावर पाणी घातलं, तेही भांड्यातून मोजून ओतावं तसं. अण्णा संकोचानं पाय आखडून घ्यायला लागले, तर मामी म्हणाली, "असू द्या. तुमचा मान हाय." कोंडूमामा स्वतः जमिनीवर बसले, घोंगड्याच्या कडेलासुद्धा टेकले नाहीत.

"एवढं करायला काय झालंय यांना?" अण्णा माझ्या कानाशी कुजबुजले. "चोराच्या मनात चांदणं."

भागूमामी माझ्याजवळ सरकली. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाली, "बरी हाय न्हवं?"

"बरी आहे की," मी म्हटलं. "गुडघे तेवढे धरतात."

तिनं माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. "तुमचं न्हवं, बाय."

"मग कुणाचं?"

मामीनं घोंगड्याची सुरकुती सारखी केली. थोड्या वेळानं पुन्हा, "लई काम पडतं का वं तिकडं? घरं किती म्हनायची?"

"कडेपेठेत? असतील की दीड हजार."

"बया!" तिनं तोंडावर हात घेतला. "एवढ्या घरांत एकटी."

मला काही उमगेना. एवढ्यात त्यांची सून चिमी डोक्यावर दोन आणि कमरेवर एक अशा कळशा घेऊन वर आली. घामानं चोळी भिजलेली. मी बघत राहिले, कारण ती आली पलीकडच्या उतरणीकडून. थोरली तर घरामागे हाकेच्या अंतरावर.

"धाकटीवरनं आणलंस?" मी विचारलं. "इतक्या लांबून? थोरली इथं असताना?"

चिमीनं सासूकडे पाहिलं. सासूनं नवऱ्याकडे. नवरा आढ्याकडे बघायला लागला.

"आटली का थोरली?"

"आसंल की पानी," मामा म्हणाले. "आमाला काय ठावं."

"म्हणजे? तुम्ही बघत नाही?"

"आमी कशाला बघू?"

अण्णा ताडकन उठले. "चला. मला बघायचंय."

थोरलीकडे जायची पाऊलवाट गवतानं बुजून गेली होती. वर्षभरात तिथून कुणी गेलेलंच नव्हतं. जांभळीचं एक म्हातारं झाड उन्मळून झऱ्यात आडवं पडलं होतं. त्याला अडून पाल्याचा ढीग साचलेला, खाली गाळ, गाळावर हिरवट साय. तिच्या कडेकडेनं जे पाणी वाट काढून खाली जात होतं ते पिवळं होतं, अण्णांच्या बर्फासारखं. पण एक फांदी तोडलेली नव्हती. म्हशीचा एक खूर उमटलेला नव्हता. आणि दगडाला माझी हिरवी साडी तशीच. ऊनपावसानं विटलेली, पण नेसवली होती तशी, निरीही न सुटलेली. बांगड्या जागच्या जागी. एकही फुटलेली नाही.

 माणसं काही चोरत नाहीत, काही तोडत नाहीत, आणि तरीही सगळ्याचा नास होऊ देतात, असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"मामा, दरसाल शिमगा झाला की तुम्ही हा झरा उपसायचात," मी म्हटलं. "तुम्हीच सांगितलं होतंत. सगळी वाडी मिळून."

"व्हय. उपसायचो."

"मग यंदा?"

मामा झऱ्याच्या शिवेच्या धोंड्यापाशीच थांबले होते. एक पाऊलसुद्धा आत टाकलं नव्हतं त्यांनी. बाया त्यांच्या मागे उभ्या.

"काडीला हात लावला न्हाई, सायेब," ते अण्णांना म्हणाले. "इचारा कुनाला बी."

"तेच तर विचारतोय! का नाही लावला?"

 मामांनी मान खाली घातली.

अण्णांचा आवाज चढला. "रत्नाबाई, काढा तो कागद. हे बघा कोंडाजी, आम्ही पैसे दिले ते पाणी नीट राखण्यासाठी. तुम्ही ढुंकून बघितलं नाही. करार मोडला. आता आमचा तुमचा संबंध संपला. तुमचं पाणी तुम्हाला परत. ठेवा तुमच्याकडे."

भागूमामी मटकन खाली बसली.

"परत?" ती म्हणाली. "परत आनून घातली?"

"हो, परत."

"काय चुकलं तिचं?"

अण्णा गोंधळले. "कुणाचं?"

"वरीस सरलं न्हाई नीट, आन परत आनून घालता? काय चुकलं त्ये तरी सांगा. दीड हजार घरात पानी भरलं न्हवं तिनं? रात म्हनली न्हाई, दिस म्हनला न्हाई. कंदी उलटून बोलली का तुमास्नी?"

"टाकली," चिमी म्हणाली आणि कळशी खाली ठेवावी तशी अलगद रडायला लागली. "थोरलीला टाकली, आत्याबाई." मग मागच्या बायांनी गळा काढला. गावात कुणी गेल्यावर काढतात तसा. कोंडूमामांनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि ते अण्णांच्या पायाशी ठेवायला पुढे आले.

"सायेब, चूक आमची म्हना. पर अशी दारात सोडून जाऊ नगा. बाकीच्या वाड्यांत तोंड दावायला जागा ऱ्हानार न्हाई."

अण्णा चार पावलं मागे सरकले. "अहो, हे काय करताय? रत्नाबाई, काय चाललंय हे?"

मी त्या विटलेल्या साडीकडे बघत होते. साडीकडून माझी नजर बांगड्यांकडे गेली. पदराला बांधून नेलेली अर्धी सुपारी आठवली, ती माझ्या फडताळात तशीच पडून होती. ताम्हणातलं पाकीट. शिवेपर्यंत रडत आलेल्या बाया. मोरीतल्या नळाकडे बघत उभे राहिलेले मामा.  मी गेल्या वर्षी या डोंगरावर येऊन साग्रसंगीत सोयरीक जुळवून गेले होते, आणि मुलाकडच्यांपैकी कुणालाच पत्ता नव्हता. मलाही.

"मामी," मी म्हटलं.  "तुम्ही... तुमची लेक दिली होती आम्हाला?"

"मंग काय हुतं त्ये?" उत्तर चिमीनं दिलं, डोळे पुसत, रागानं. "हिरवं नेसवलंसा. चुडा दिलासा. सुपारी फोडलीसा. पोरीचं देज दिलंसा. आमच्यात आनिक काय करत्यात?"

"म्हणून तुम्ही तिचं पाणी पीत नाही."

"लेकीच्या घरचं पानी पित्यात व्हय?" भागूमामी म्हणाली. तिच्या आवाजात आश्चर्य होतं. एवढी शिकलेली बाई आणि एवढं ठाऊक नाही.

"आणि झरा उपसला नाही तो..."

कोंडूमामा म्हणाले, "बापानं लेकीच्या सासरी जाऊन झाडलोट करायची? व्याही काय म्हनंल? म्हनंल, आमचं घर घान हाय म्हनता का? आमी वाट बघत हुतो, बाय. तुमी याल, बघाल. शिमगा ग्येला, पाडवा ग्येला. एकदा बी कोन फिरकलं न्हाई. एकदा म्हून तिला म्हायेराला धाडली न्हाई."

नदी उलटी माहेराला कशी धाडायची हे मला आजही कळलेलं नाही. पण त्या क्षणी मला लाज वाटली, आणि ती अगदी खरी होती.

अण्णांचा धीर सुटला. "अहो, पण पैसे? पैसे तर घेतलेत ना?"

मामांनी सुनेला खूण केली. चिमी पळत घरी गेली आणि देवाजवळ ठेवलेलं पाकीट घेऊन आली. त्यावर माझं अक्षर होतं, हळदकुंकवाचा डाग होता, आणि मी डिंक लावून बंद केलेली बाजू तशीच बंद होती. कुणी उघडलंच नव्हतं.

"लेक दिली, सायेब. इकली न्हाई," कोंडूमामा म्हणाले. "देज बापानं खायाचं नसतंय. त्येचा दागिना करून तिच्याच अंगावर घालायचा असतुया. पर हिला कुठला दागिना घालावा, त्येच आमास्नी सुचंना."

अण्णांनी ते पाकीट हातात घेतलं. उलटसुलट करून बघितलं. ते कारखानदार माणूस, पाकिटाचं वजन त्यांना न उघडता कळायचं. मग ते त्या आडव्या जांभळीच्या बुंध्यावर बसले. बाया अजून मुसमुसत होत्या.  कुठूनतरी पाण्याचा अगदी बारीक आवाज येत होता, पाल्याच्या खालून.

"किती दिवस असतं तुमच्यात हे?" अण्णांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता. "पाणी न पिण्याचं?"

"पोर हुईस्तवर. नातवाचं त्वांड बघितलं की मंग पितो. आन तुमच्यात?"

"आमच्यातही तसंच." अण्णांनी शेजारी ठेवलेली बाटली उचलली आणि तिच्या बुचावरून बोट फिरवत राहिले. "माझी मुलगी मिरजेला दिलीय. पाच वर्षं झाली. मी गेलो की ही बाटली घरून भरून नेतो. जावई हसतात. मुलगी हसत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "बाटली त्यासाठीच घेतलेली आहे. आज हाताशी होती म्हणून इकडे आणली."

कोंडूमामा उठून आले आणि त्यांच्या शेजारी, त्याच बुंध्यावर बसले. शिवेचा धोंडा त्यांनी केव्हा ओलांडला ते बहुधा त्यांनाही कळलं नाही.

दोघं म्हातारे कितीतरी वेळ तसेच बसून होते. मी मध्ये बोलून बघितलं. मी म्हटलं, मामा, चूक माझी आहे, ते लग्न नव्हतंच, ती साधी ओटी होती, मानाची. मामा म्हणाले, "आता न्हाई म्हनून कसं चालंल, बाय? वरीसभर नांदली ती." याला कुठल्या रद्दीत उत्तर असतं?

कागदावर अंगठा घेतला नाही. निघताना भागूमामीनं मला ओंजळभर करवंदं दिली. बांधायला काही नव्हतं, म्हणून मी त्याच कागदाचा पुडा केला. चौकोन आखलेली बाजू वर आली.

उतरताना अण्णा खिंडीत थबकले.

"रत्नाबाई, पाण्याला काय होतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे पोटी काय होतं? पोर."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ऊन लागलं असेल असं मला वाटलं. "मला कसं माहीत असणार, अण्णा? मासे?"

"मासे पाण्यात राहतात. ते पाण्याचे नव्हेत, बिऱ्हाडकरू." ते पुन्हा चालायला लागले. बऱ्याच वेळानं पाठीमागे न बघताच म्हणाले, "माझ्याकडे रोज होतात. चांगली गुटगुटीत. थोरलीचीच."

ते थट्टा करत होते की नव्हते, हे मला त्यांच्या पाठीवरून कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्याच्या टेम्पोनं आम्ही खिंडीत आलो. बर्फाची एक अख्खी लादी, वर लाकडाचा भुसा, त्यावर ओली गोणपाटं. अण्णांचे दोन कामगार ती मोठ्या पाटीत घालून, दांड्याला अडकवून वर न्यायला लागले. निम्म्या वाटेत एकाचा खांदा सोलला, तर अण्णांनी स्वतः खांदा दिला. पाटीतून पाण्याची धार लागली होती. आम्ही चढत होतो आणि लादी उतरत होती. "जरा भराभर," अण्णा मध्येच म्हणायचे. त्यांचं धोतर भिजून पायाला चिकटलं होतं. आपण काय करतोय, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. ज्या बाईनं अख्ख्या पेठेला पाण्याचा हिशेब समजावून सांगितला होता, ती वैशाखात डोंगरावर बर्फ घेऊन चालली होती.

वाडीत पोचलो तेव्हा सगळी माणसं अंगणात जमली होती. पाटी खाली ठेवली. अण्णांनी गोणपाट उलगडलं, हातांनी भुसा झटकला.

लादी पार विरघळली होती. उरला होता तो तान्ह्या मुलाएवढा तुकडा, कडा गोल झालेला, उन्हात वाफाळणारा.

अण्णांनी घसा साफ केला. पेठेतल्या सभांमध्ये ते तासतासभर बोलायचे. इथं एवढंच म्हणाले, "थोरलीचं आहे."

 मला वाटलं, आता हसतील. हसले असते तरी चाललं असतं. मग भागूमामी पुढे आली. तिनं पाटीत वाकून बघितलं, बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. पुन्हा लावलं. अंगावरच्या पदराची घडी केली, त्यात तो तुकडा उचलून घेतला आणि मांडी घालून बसली.

"गार लागतंय ग बाय," ती म्हणाली. "रंग जरा दबलेला हाय."

"आईवर ग्येलंय," चिमी म्हणाली.

तेव्हा हसले सगळे. आणि हसता हसता कोंडूमामांनी ओंजळ पुढे केली. मामीच्या पदरातून पाणी ठिबकत होतं, ते त्यांनी ओंजळीत धरलं. ओंजळ भरायला वेळ लागला.  मग ते प्यायले. मामी प्यायली. चिमी, बाकीच्या बाया, पुरुष, सगळे ओंजळ धरून येत गेले. शेवटी मामीच्या मांडीवर नुसता ओला पदर राहिला.

कोंडूमामांनी तोंड पुसलं. "चला रं," ते पुरुषांना म्हणाले, "फावडी काढा. लेकीच्या घरी कचरा लई साठलाय. आता जायला काय हरकत न्हाई."

तिन्हीसांजेपर्यंत जांभूळ कापून बाजूला झाली होती आणि थोरली मोकळी झाली होती. पाकीट मामांनी अण्णांसमोर उघडलं. त्या पैशांतून पुढे झऱ्याभोवती दगडी कठडा बांधला, म्हशी आत जाऊ नयेत म्हणून. मामा त्याला कंबरपट्टा म्हणायचे. सोमवारच्या बैठकीत मी काय सांगितलं ते इतिवृत्तात आहे: "पाहणी केली. वाडीकडून कराराचे पालन होत आहे." बर्फाबद्दल लिहिलं नाही. कुठल्या मथळ्याखाली लिहिणार?

त्यानंतर दरसाल शिमग्याला पेठेतली माणसं वर जातात, वाडीबरोबर झरा उपसतात, जेवून येतात. पैसेही दिले जातात. पण पाकीट आता मी कुणालाही ताम्हणात ठेवू देत नाही.

काही वर्षांनी, भागूमामी अजून होती तेव्हा, मी एकदा धीर करून विचारलं होतं. "मामी, खरं सांगा. तो बर्फ तुम्हाला खरंच नातू वाटला होता का?"

मामी माझ्याकडे बघून मिश्रीचं बोट दातांवर फिरवत राहिली. "येवढ्या उनाचं तुमी खांद्यावर घालून आनलासा," ती म्हणाली. "न्हाई कसं म्हनायचं?"

म्हणजे वाटला होता की नव्हता, ते मला अजून समजलेलं नाही.

अण्णांच्या मुलीला मूल झालं नाही. पण त्या उन्हाळ्यानंतर ते मिरजेला जाताना बाटली नेईनासे झाले. एकदा त्यांच्या कारखान्यात पाणीपट्टीची पावती द्यायला गेले, तेव्हा मी विचारलं, "अण्णा, मुलीकडे पाणी प्यायला लागलात म्हणे?"

त्यांनी पावती नीट घडी करून खिशात ठेवली.

"हो," ते म्हणाले. "जाताना थोडा बर्फ घेऊन गेलो होतो."